रस्ता मोकळा करणारे सैनिक : नौशेरा ते राजौरी, एप्रिल १९४८

१/
१० एप्रिल १९४८, पहाटेचे पावणेपाच. नौशेऱ्याहून राजौरीकडे जाणाऱ्या डोंगरी रस्त्यावर पाइनची पाच मोठी झाडे आडवी पाडलेली आहेत. त्यांच्या भोवती भूसुरुंग पेरलेले आहेत आणि त्या जागेवर मशीनगनचा नेम धरलेला आहे. मागे रणगाड्यांची रांग अंधारात थांबून आहे. त्या रांगेच्याही पुढे एक जखमी अधिकारी आपल्या थोड्या माणसांना घेऊन झाडांपाशी कामाला लागतो. शत्रूवर गोळ्या झाडण्यासाठी तो तेथे आलेला नाही. त्याला रस्ता मोकळा करायचा आहे.

२/
त्या अधिकाऱ्याचे नाव सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे. पलटण बॉम्बे सॅपर्स, कंपनी ३७ असॉल्ट फील्ड कंपनी, वय एकोणतीस. पुढे त्यांना परमवीर चक्र मिळाले आणि त्यांचे नाव शाळेच्या पुस्तकांत, पुतळ्यांवर, जहाजावर गेले. ज्या विद्येने त्यांना त्या झाडांपाशी नेले, तिची ओळख मात्र फार थोड्यांना असते. हा धागा राणे यांचा आहे, तसाच त्या विद्येचाही आहे.

३/
प्रथम शब्दाकडे पाहू. सैन्यातील अभियंत्याला ‘सॅपर’ म्हणतात. हा शब्द ज्या फ्रेंच शब्दावरून आला, त्याचा संबंध वेढ्यातील खंदकाशी आहे. किल्ल्याच्या तटाकडे सरळ धावत गेले तर तोफा आणि बंदुका माणसे टिपणार. म्हणून जमीन खणत, नागमोडी खंदकाच्या आडोशाने तटाच्या पायथ्यापर्यंत सरकत जायचे. हा खंदक खणणारा तो सॅपर. आणि तटाखाली भुयार पाडून त्यात दारू ठासणारा तो ‘मायनर’. म्हणूनच जुन्या पलटणींची नावे ‘सॅपर्स अँड मायनर्स’ अशी जोडीने येतात.

४/
महाराष्ट्राला ही विद्या प्रथम परिचित झाली ती सोसणाऱ्याच्या बाजूने. १६६० साली शायिस्ताखानाने चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला. भुईकोट किल्ला, भोवती पाण्याचा खंदक, आत फिरंगोजी नरसाळा आणि मोजकी शिबंदी. जवळपास दोन महिने तोफांनी जे साधले नाही, ते ऑगस्टमध्ये एका सुरुंगाने साधले. बुरूज उडाला, तटाला खिंडार पडले. आतल्या लोकांनी त्या खिंडारातही झुंज दिली, पण किल्ल्याचे भवितव्य ठरून गेले होते.

५/
चाळीस वर्षांनी साताऱ्याच्या वेढ्यात याच विद्येची दुसरी बाजू दिसली. एप्रिल १७०० मध्ये औरंगजेबाच्या सैन्याने अजिंक्यताऱ्याच्या तटाखाली सुरुंग लावले. त्यांपैकी एकाने भिंत आत न पडता बाहेर कोसळली, आणि हल्ल्यासाठी खाली सज्ज उभे असलेले मोगल सैनिकच शेकड्यांनी तिच्याखाली गाडले गेले. दारूचे माप आणि भुयाराची दिशा चुकली की त्याची किंमत स्वतःच्याच सैन्याला मोजावी लागते. सैनिकी अभियांत्रिकीतील ही जोखीम आजही गेलेली नाही.

६/
वेढे घालणाऱ्यांखेरीज त्या काळच्या सैन्यांत आणखी एक वर्ग असे : बेलदार. कुदळ, फावडे, पहार घेऊन ते पुढे जात, चढ फोडत, ओढ्याचा उतार सपाट करत, आणि मग तोफांचे गाडे पुढे सरकत. बखरींत सरदारांची नावे पानोपानी येतात. बेलदार मात्र संख्येने मोजले जातात, नावाने नाही. हे लक्षात ठेवावे, कारण धाग्याच्या शेवटी याच गोष्टीकडे परत यायचे आहे.

७/
विसाव्या शतकात युद्ध किल्ल्यांतून निघून रस्त्यांवर आले आणि ‘सुरुंग’ या शब्दाचाही अर्थ सरकला. पूर्वी सुरुंग म्हणजे तटाखालचे भुयार. आता सुरुंग म्हणजे मातीखाली वीतभर खोलीवर पुरलेला स्फोटकांचा डबा, जो रणगाड्याच्या किंवा पावलाच्या भाराने फुटतो. पूर्वी सैनिकी अभियंता सुरुंग लावून वाट उघडत असे. आता शत्रूने लावलेले सुरुंग काढून त्याला वाट उघडावी लागते. हत्याराने बाजू बदलली, पण अभियंत्याची जागा बदलली नाही. ती आजही सर्वांच्या पुढे आहे.

८/
बॉम्बे सॅपर्सचा उगम मुंबई इलाख्याच्या सैन्यातील अठराव्या शतकाच्या पायोनिअर तुकड्यांपर्यंत जातो. पलटण १८२० हे आपल्या स्थापनेचे वर्ष मानते. एकोणिसाव्या शतकापासून तिचे घर पुण्याजवळचे खडकी. १८१७ मध्ये पेशव्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली ते हेच खडकी. मद्रास सॅपर्स बंगळुरात, बंगाल सॅपर्स रुरकीत आणि बॉम्बे सॅपर्स खडकीत, अशी भारतीय अभियंता दलाची तीन घराणी आहेत. तिघांचे ब्रीद एकच : ‘सर्वत्र’.

९/
या दलाचे काम तीन वाक्यांत सांगता येते. आपल्या सैन्याला चालू द्यायचे. शत्रूच्या सैन्याला चालू द्यायचे नाही. आणि दोन्हींच्या दरम्यान आपल्या माणसांना जगता येईल असे करायचे, म्हणजे पाणी, निवारा, पूल, धावपट्टी. यातून एक विलक्षण क्रम तयार होतो. चढाईत सॅपर सर्वांच्या पुढे असतो, कारण वाट त्याने उघडायची असते. माघारीत तो सर्वांच्या मागे राहतो, कारण शेवटचा माणूस पलीकडे गेल्यावर पूल त्याने उडवायचा असतो.

१०/
आणि या दोन्ही वेळी त्याचे हात कामात गुंतलेले असतात. पायदळाचा सैनिक आडोसा घेऊन प्रत्युत्तर देऊ शकतो. गुडघ्यावर बसून माती चाचपणारा सॅपर ते देऊ शकत नाही. त्याचे संरक्षण दुसऱ्याने करायचे असते. आपल्यावर गोळ्या येत असताना त्यांकडे पाठ फिरवून हाताखालच्या मातीकडे लक्ष ठेवायचे, ही शिस्त खडकीच्या मैदानावर शिकवावी लागते. ती कोणाच्याही अंगी आपोआप येत नाही.

११/
सुरुंग हाताने कसा काढतात, हे समजल्याशिवाय पुढचे तास समजणार नाहीत. सैनिक जमिनीवर आडवा होतो. संगीन किंवा टोकदार सळई तिरकी धरून हलकेच मातीत सरकवतो. उभी खुपसली तर तिचा दाब सुरुंगाच्या माथ्यावर येईल. तिरकी सरकवली तर ती त्याच्या कडेला टेकते. कठीण काही लागले की बोटांनी माती बाजूला करायची, खाली किंवा कडेला फसवा सापळा जोडला आहे का ते पाहायचे. मग निकामी करायचे, किंवा दोरी बांधून दुरून ओढायचे. त्यानंतर आणखी वीतभर पुढे सरकायचे.

१२/
रणगाडाविरोधी सुरुंग सहसा माणसाच्या भाराने फुटत नाही. म्हणून तो पेरणारे त्याच्या आसपास माणसांसाठीचे छोटे सुरुंग लावतात आणि त्या साऱ्या जागेवर मशीनगन रोखून ठेवतात. झाड, मोरी, दगडांचा ढीग यांचा अडथळा एकटा फारसा धोकादायक नसतो. पण अडथळा, सुरुंग आणि गोळीबार ही तिन्ही एकत्र आली की रस्ता खऱ्या अर्थाने बंद होतो. राजौरीच्या वाटेवर ही तिन्ही एकत्र होती.

१३/
आता दोन माणसांकडे वळू. दोघांचाही जन्म १९१८ चा. एक प्रेमिंद्रसिंग भगत, जन्म गोरखपूरचा. डेहराडूनला सैनिकी शिक्षण घेऊन १९३९ मध्ये ते थेट अधिकारी झाले आणि बॉम्बे सॅपर्समध्ये आले. दुसरे रामा राघोबा राणे, कारवारजवळच्या चेंडिया गावचे. कारवार तेव्हा मुंबई इलाख्यात होते आणि राणे यांचे वडील पोलीस शिपाई होते. जुलै १९४० मध्ये राणे साधे जवान म्हणून त्याच पलटणीत भरती झाले. प्रशिक्षणात सर्वोत्तम रिक्रूट म्हणून त्यांची निवड झाली.

१४/
१९४१ च्या प्रारंभी भगत आफ्रिकेत, सुदान आणि अबिसीनियाच्या सीमेवर होते. इटालियन सैन्य मेतेम्माहून गोंदरच्या रस्त्याने मागे हटत होते आणि जाताना रस्ता सुरुंगांनी भरून जात होते. पाठलाग करणाऱ्या तुकडीच्या पुढे फील्ड कंपनीचा एक सेक्शन घेऊन भगत निघाले. चार दिवसांत, ५५ मैलांच्या टापूत त्यांनी १५ सुरुंगक्षेत्रे शोधली आणि मोकळी करवून घेतली. हे सारे तुकडीच्या अग्रभागी राहून, पहाटेपासून अंधार पडेपर्यंत चालले होते.

१५/
दोनदा त्यांची कॅरिअर गाडी सुरुंगावर उडाली आणि सोबतची माणसे दगावली किंवा जखमी झाली. एकदा दबा धरून बसलेल्या शत्रूने अगदी जवळून गोळीबार केला. एका स्फोटात त्यांच्या कानाचा पडदा फाटला. तेव्हा त्यांना विश्रांती देऊन दुसरा अधिकारी पाठवण्याचा विचार झाला. भगत यांनी नकार दिला. त्यांचे कारण विचार करण्यासारखे आहे : इतके सुरुंग काढल्यानंतर हे काम शेवटास नेण्यास आता आपणच अधिक लायक आहोत, असे त्यांचे म्हणणे होते. ते कारागिराचे उत्तर होते. दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे ते पहिले भारतीय अधिकारी ठरले.

१६/
त्या वेळी सुरुंग शोधण्याचे हातात धरून चालवायचे यंत्र वापरात आलेले नव्हते. पोलिश अधिकारी युझेफ कोसात्स्की यांनी बनवलेले असे यंत्र मोठ्या प्रमाणावर रणांगणात उतरले ते १९४२ च्या ऑक्टोबरात, अल् अलामीनला. त्यापूर्वी भगत यांच्यापाशी डोळे, बोटे आणि अंदाज एवढीच साधने होती. नुकती उकरलेली माती वेगळ्या रंगाची दिसते, गाडीच्या चाकोऱ्या अचानक कडेला वळलेल्या दिसतात. अशा खुणा वाचत ते ५५ मैल गेले.

१७/
राणे यांची पहिली परीक्षा ब्रह्मदेशात झाली आणि ती माघारीची होती. आराकानमध्ये जपान्यांपुढून सैन्य हटत असताना बुथिडौंग येथे त्यांच्या तुकडीला मागे ठेवण्यात आले. शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून महत्त्वाचे साहित्य आणि वाहने त्यांनी नष्ट करायची होती. नंतर नौदलाचे जहाज त्यांना उचलणार होते. त्यांनी काम पुरे केले, पण जहाजाने त्यांना उचलण्याची योजना फसली. मग जपानी पहाऱ्यांची नजर चुकवत, नदी ओलांडत राणे आपल्या माणसांसह भारतीय सैन्याला येऊन मिळाले. त्याबद्दल ते हवालदार झाले.

१८/
म्हणजे राजौरीच्या आधी राणे यांनी ‘शेवटी निघणारा’ ही भूमिका निभावली होती. वाटा आणि साधने कशी उद्ध्वस्त करायची हे त्यांना स्वतः केल्यामुळे ठाऊक होते. झाड कोठे पाडले की काढायला अवघड, मोरी कोठे उडवली की वळसा घालता येत नाही, हे जाणणारा माणूस समोरच्याने केलेली मोडतोड लवकर वाचू शकतो. १५ डिसेंबर १९४७ रोजी, साडेसात वर्षे जवान आणि कनिष्ठ अधिकारी म्हणून काढल्यानंतर, ते सेकंड लेफ्टनंट झाले. चारच महिन्यांनी ते नौशेऱ्यात होते.

१९/
राजौरी नोव्हेंबर १९४७ मध्ये, दिवाळीच्या सुमारास, हल्लेखोरांच्या हाती पडली होती. आसऱ्याला आलेल्या निर्वासितांनी गाव भरले होते आणि तेथे भीषण कत्तल झाली. जे वाचले ते पाच महिने दहशतीत अडकून होते. नौशेरा मात्र ब्रिगेडिअर मोहम्मद उस्मान यांनी फेब्रुवारीत राखले आणि मार्चमध्ये झंगर परत मिळाले. एप्रिलच्या आरंभी राजौरीकडे कूच ठरले. रस्ता एकच होता, अरुंद, डोंगराला वेटोळे घालत जाणारा. पायदळ कड्यांवरून जाऊ शकत होते, पण रणगाडे आणि रसद त्या रस्त्यानेच जाणार होती.

२०/
८ एप्रिल. सकाळी अकरा वाजता नादपूरजवळ राणे यांची तुकडी रणगाड्यांपाशी काम सुरू करण्याच्या तयारीत होती. इतक्यात उखळी तोफांचा जोरदार मारा सुरू झाला. काम सुरू होण्यापूर्वीच दोन सॅपर ठार झाले आणि पाच जण जखमी झाले. जखमींत राणे स्वतः होते. त्यांनी उरलेल्यांची पुन्हा जुळणी केली आणि काम सुरू केले. दुपारी साडेचारच्या सुमारास ४ डोग्रा पलटणीने बरवाली कडा जिंकला. परिसर अजून शत्रूपासून पुरता मोकळा झालेला नव्हता. तरी राणे पुढे गेले आणि रणगाड्यांसाठी वळणरस्ता काढू लागले. रात्री दहापर्यंत, शत्रूच्या नजरेसमोर.

२१/
९ एप्रिल. सकाळी सहाला पुन्हा सुरुवात. दुपारी तीनला वळणरस्ता तयार. रणगाडे निघाले, तेव्हा राणे सर्वांत पुढच्या कॅरिअरमध्ये जाऊन बसले. अर्ध्या मैलावर झाडांचा अडथळा. उतरायचे, स्फोटके लावायची, झाडे उडवायची, पुन्हा गाडीत बसायचे. तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. पाच वाजत आले, पुढे उडवलेली मोरी. काम सुरू होण्याच्या आतच मशीनगन धडधडू लागल्या. मोरीला वळसा घालून वाट काढली. सव्वासहाला, उजेड मावळत असताना, ती पाच झाडे समोर आली. राणे यांनी सुरुंग काढण्यास सुरुवात केली. पण परिस्थिती ओळखून रणगाड्यांच्या कमांडरांनी मुक्काम ठरवला.

२२/
१० एप्रिल. धाग्याच्या आरंभी जी पहाट पाहिली ती हीच. पावणेपाच ते साडेसहा, म्हणजे पावणेदोन तासांत तो अडथळा दूर झाला. पुढचे हजार यार्ड म्हणजे अडथळ्यांची आणि स्फोटाने ढासळवलेल्या भरावांची सलग रांगच होती, आणि साऱ्या टापूवर मशीनगनचा मारा. साडेदहापर्यंत तोही मोकळा झाला. तेथून रणगाडे रस्ता सोडून तवी नदीच्या पात्रात उतरले. दुपारी दोनला ते चिंगसला पोहोचले. काश्मीरला जाणाऱ्या मोगल बादशहांच्या वाटेवरची जुनी सराई असलेले हेच ते चिंगस.

२३/
येथे थोडे थांबायला हवे. रणगाडे नदीपात्रातून पुढे गेले. राणे यांना मिळालेले काम लौकिक अर्थाने पुरे झाले होते. ते जखमी होते, तीन दिवस नीट झोप नव्हती. रणगाड्यांबरोबर चिंगसला जाऊन थांबले असते तर कोणी बोट दाखवले नसते. राणे मात्र रस्त्यावरच राहिले. रणगाडा नदीपात्रातून जाऊ शकतो, मालमोटार जाऊ शकत नाही. दारूगोळा, इंधन आणि अन्न आणणारी, जखमींना परत नेणारी वाहने मागे उभी होती. रात्री नऊपर्यंत, न जेवता आणि न थांबता, राणे त्यांच्यासाठी रस्ता साफ करत होते.

२४/
सैनिकी अभियंत्याचा विवेक या एका निर्णयात सापडतो. पुढे गेलेल्यांचा विजय दिसत असतो. मागून येणाऱ्यांची गरज दिसत नाही, ती आठवणीत ठेवावी लागते. रसद तुटलेला रणगाडा दुसऱ्या दिवशी लोखंडाचा ढीग होतो. चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला नसता तर राजौरीची चढाई चिंगसपाशीच अडखळली असती, आणि तिकडे गावात अडकलेल्यांना एकेक दिवस जड जात होता. ११ एप्रिलला सकाळी सहाला राणे पुन्हा कामावर होते. अकराला चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला. रात्री दहापर्यंत पुढचा रस्ता साफ होत राहिला.

२५/
पुढच्या दोन दिवसांत राजौरी मुक्त झाली. १३ एप्रिल हा तेथे आजही ‘राजौरी दिवस’ म्हणून पाळला जातो. राणे यांच्या परमवीर चक्राच्या मानपत्रात, त्यांच्या श्रमांमुळे रणगाडे वेळेवर पोहोचले आणि चिंगस व राजौरी येथील नागरिकांचे प्राण वाचले, अशा आशयाची नोंद आहे. ‘वेळेवर’ ही त्यातली कळीची गोष्ट. हा रस्ता कधी ना कधी कोणीही उघडला असता. पण एक आठवडा उशिरा उघडलेल्या रस्त्याचा गावातल्या माणसांना काय उपयोग झाला असता?

२६/
राणे यांची एक गोष्ट फार लोकप्रिय आहे. ते पुढच्या रणगाड्याखाली शिरले, त्याच्याबरोबर सरपटत गेले आणि दोऱ्या ओढून चालकाला ‘थांब’, ‘चल’ अशा खुणा करत राहिले, असे सांगितले जाते. ही गोष्ट ऐकणाऱ्याला खिळवून ठेवते. पण मानपत्राचा भर घड्याळावर आहे : अकरा ते दहा, सहा ते सव्वासहा, पावणेपाच ते नऊ, सहा ते दहा. चार दिवसांची बेरीज सुमारे पंचावन्न तास होते. एका क्षणात दाखवलेले धैर्य थोर असतेच. राणे यांचे धैर्य मात्र दर सकाळी नव्याने, थकलेल्या आणि जखमी शरीराने, त्याच माती-झाडांपाशी परत जाण्याचे होते.

२७/
१९४७-४८ च्या युद्धात पाच जणांना परमवीर चक्र मिळाले. त्यांपैकी राणे आणि करमसिंग हे दोघेच ते स्वीकारण्यासाठी हयात होते, आणि कालक्रमाने राणे पहिले. १९६८ मध्ये ते मेजर म्हणून निवृत्त झाले आणि १९९४ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. कारवारच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांचा पुतळा आहे, अंदमानातील एका बेटाला त्यांचे नाव आहे. त्यांच्याच पिढीचे, त्यांच्याच पलटणीचे भगत लेफ्टनंट जनरल झाले आणि १९७५ मध्ये वारले. खडकीच्या एकाच परंपरेतून व्हिक्टोरिया क्रॉस आणि परमवीर चक्र अशी दोन्ही पदके आली, आणि दोन्ही रस्ता मोकळा करण्यासाठी दिली गेली.

२८/
आता बेलदारांकडे परत येऊ. ८ एप्रिलच्या सकाळी अकरा वाजता जे दोन सॅपर पडले, त्यांची नावे मानपत्रात नाहीत. तेथे ते केवळ ‘दोन’ आहेत. उरलेल्या ज्यांनी चार दिवस राणे यांच्याबरोबर झाडे ओढली, माती चाचपली, तेही तेथे ‘तुकडी’ या एका शब्दात सामावले आहेत. मानपत्र एका माणसाचे असते, हा त्याचा स्वभावच आहे. पण इतिहास वाचणाऱ्याने तो आकडा दिसला की क्षणभर थांबावे. बखरीतल्या बेलदारांपासून १९४८ च्या सॅपर्सपर्यंत या विद्येतील बहुतेक माणसे आकड्यांतच राहिली आहेत.

२९/
रायगडावर जगदीश्वराच्या मंदिरापाशी एका पायरीवर हिरोजी इंदुलकरांचे नाव कोरलेले आहे. रायगड बांधणाऱ्या माणसाचे नाव कळसावर नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पावलाखाली आहे. गडावर जाणारे तरुण तेथे वाकून हात लावतात. नौशेरा ते राजौरी रस्त्यावरून आज रोज बसगाड्या आणि मालमोटारी जातात. बरवाली, नादपूर, चिंगस ही नावे मागे पडत जातात आणि प्रवासी खिडकीबाहेर पाहत असतात. तो रस्ता विनाथांबा ओलांडता येतो, हेच त्या चार दिवसांचे स्मारक आहे. कधी त्या वाटेने जाणे झाले, तर ८ एप्रिलच्या त्या दोघांसाठी बरवालीजवळ गाडी क्षणभर थांबवावी.

धागा समाप्त.
#इतिहास #बॉम्बेसॅपर्स #राजौरी१९४८